दोन नावांचं रक्त

माझ्या मानेला गाठी आल्या तेव्हा मला पाचवा महिना सरत आला होता. कानाखाली, दोन्ही बाजूंना, हरभऱ्याएवढ्या. दुखत नव्हत्या. अंगात थोडी कसर होती, पण लोणावळ्याकडच्या पावसाळ्यात ती कुणाच्या अंगात नसते? कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी, चूल नुसती धुमसते. मी कुणाला सांगितलंही नसतं. माझी वेणी घालताना आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, बोटांना त्या गाठी लागल्या आणि त्यांनी फणी खाली ठेवली.

"कवाधरनं हायत ह्या?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक न्हाई म्हनं! मान सोताची हाय का शेजारणीची?"

त्यांचं बोलणं असंच होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ह्यांना कामावर जाऊ दिलं नाही. हे लोणावळ्याला रेल्वेत फिटर होते आणि आम्ही राहायचो वलवणला. रजा टाकायला लावून आत्याबाईंनी आम्हां दोघांना दवाखान्यात पिटाळलं. कारण उघड होतं, तोंडानं कुणी बोललं नाही एवढंच. आदल्या वर्षी माझं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. माहेरी गेलेली असताना झालं ते. बाळंत झाले, रडणं काही ऐकू आलं नाही, आणि मला शुद्ध आली तेव्हा सगळं आवरलेलं होतं.

तेव्हापासून मला काही वाटायचं बंद झालं होतं. हे आता म्हणते. तेव्हा मला वाटायचं की मी बरी आहे. भाकऱ्या थापत होते, भाताच्या लावणीला जात होते, रडू येत नव्हतं, म्हणजे बरीच की! पुन्हा दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी तोंड गोड केलं आणि मी आपली मान हलवली. शेजारच्या बायका विचारायच्या, काय खावंसं वाटतंय गं? मी म्हणायची, काही नाही. त्यांना वाटायचं मी लाजते. कशाची लाजते! खरंच काही वाटत नव्हतं. पोटातलं हलायचं तेव्हा मनात यायचं, हलतंय. त्याच्यापुढं काही नाही.

डॉक्टरीणबाई मुंबईहून नुकत्याच आल्या होत्या. तरुण होत्या, भरभर बोलायच्या आणि बोलताना पेशंटकडं न बघता त्याच्या हाताकडं बघायच्या. त्यांनी माझी मान चाचपली, काखा चाचपल्या, पहिल्या मुलाचं सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "मटण कच्चं राहिलेलं खाता का?"

आमच्याकडं दिवस गेलेल्या बाईला निखाऱ्यावर कलेजी भाजून द्यायचे, वरून काळी, आतून लाल. रक्त वाढतं म्हणायचे. ते सांगितलं.

"आणि घरात मांजर आहे?"

मी म्हटलं, "बाई, वलवणात मांजर नसलेलं घर दाखवा मला. घरात भाताची कणगी आहे म्हटल्यावर उंदीर आले, आणि उंदीर आले म्हटल्यावर मांजर आलंच."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एका रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, जे ह्यांना पुढं पाठ झालं आणि मला कधीच झालं नाही. आम्ही घरात त्याला मांजराचा रोग म्हणत राहिलो. त्याचा जंतू मांजराच्या घाणीतून येतो, कच्च्या मांसातून येतो. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही होत नाही. थोडा ताप, गाठी, कधी तेही नाही. पण पोटुशी बाईला तो त्या दिवसांत नव्यानं झाला तर बाळापर्यंत पोचतो. बाळ पोटात जातं. नाहीतर जन्मतं, पण डोळे अधू असतात, डोकं वाढतं. बाई हे सगळं पाढे म्हटल्यासारखं बोलल्या. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. समोर एक बाई छत्रीखाली भाजलेल्या शेंगा विकत होती, आणि माझ्या मनात आलं की ह्या शेंगा भिजलेल्या, आता कोण घेणार?

मग त्यांनी रक्ताचं सांगितलं. ते मात्र मी ऐकलं, कारण त्या पहिल्यांदाच सावकाश बोलल्या.

"एकदा रक्त घेऊन भागत नाही. तुमच्या रक्ताला त्या जंतूची ओळख आहे का, एवढंच त्यात कळतं. पण ती ओळख जुनी का नवी, ते कळत नाही. म्हणून आज घ्यायचं आणि तीन आठवड्यांनी परत घ्यायचं. दोन्ही रक्तं पुण्याच्या लॅबमध्ये एकाच दिवशी शेजारी शेजारी लावून बघतात. दुसऱ्यात जोर वाढलेला दिसला, तर रोग नवा. दोन्ही सारखी निघाली तर रोग जुना, कधीतरी होऊन गेलेला. जुना असेल तर ह्या बाळाला भीती नाही."

"आणि नवा असला तर?" ह्यांनी विचारलं.

"तर गोळ्या. पण त्या गोळ्या कडक आहेत. पोटुशी बाईला उगाच संशयावरून मी देणार नाही. मला दोन्ही रक्तांचा निकाल हवा."

त्यांनी काचेची सिरिंज उकळली आणि माझ्या दंडाला रबराची नळी बांधून रक्त घेतलं. ते काचेच्या नळकांडीत भरून नळकांडी टेबलावर उभी ठेवली. थोड्या वेळानं रक्त खाली बसलं आणि वर वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी आलं. बाई म्हणाल्या, जे काय असतं ते ह्या वरच्या पाण्यात. ते वेगळं काढून, बूच लावून, बर्फ घातलेल्या थर्मासमधून हे पुण्याला घेऊन गेले. चिठ्ठीवर माझं नाव, ह्यांचं नाव, आमचं आडनाव, मुक्काम वलवण.

घरी आल्यावर आत्याबाईंनी मांजराला पोत्यात घातलं आणि कुरवंड्याच्या वाटेला असलेल्या कातकऱ्यांच्या वाडीवर पाठवून दिलं. पंधरा दिवसांत उंदरांनी कणगीच्या बुडाला भोक पाडलं. आत्याबाई भोक बुजवताना त्या मांजराला, उंदरांना आणि डॉक्टरीणबाईंना एका दमात शिव्या द्यायच्या. मला मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. त्या मला बोलत नाहीत ह्याचंही मला काही वाटलं नाही.

गौरी-गणपती आटपले आणि आबा मला न्यायला आले. आबा म्हणजे माझे वडील. घोरावाडी स्टेशनावर उतरून शेताच्या बांधांनी अर्धा तास चालत गेलं की आमचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, दुसरं सासरी. पण पहिलं तसं झाल्यामुळं माझ्या आईनं हट्ट धरला होता की हेही तिच्याकडंच व्हायचं, आणि आत्याबाईंनी नाही म्हटलं नाही. दुसरं रक्त द्यायची वेळ मी माहेरी असताना येणार होती. डॉक्टरीणबाईंनी आबांच्या हातात मोकळी नळकांडी, थर्मास आणि लॅबचा पत्ता दिला. तिकडच्या सरकारी दवाखान्यात रक्त काढून घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पुण्याला पोचवा. आबांनी दोनदा म्हणून घेतलं. शाळेत गेलेले नव्हते, पण सांगितलेलं काम विसरायचे नाहीत.

ठरल्या दिवशी आबा आणि मी दवाखान्यात गेलो. बाकावर बसून माझा डोळा लागत होता. सातव्यात झोप फार येते. नर्सबाईंनी रक्त काढलं, वरचं पाणी वेगळं केलं, चिकटपट्टीवर लिहायला पेन उघडलं आणि विचारलं, "नाव?"

आबांनी सांगितलं. माझं नाव, त्यांचं नाव, आमचं माहेरचं आडनाव.

मी ते ऐकलं, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. लग्नात तांदळात नाव लिहून बदलतात ते सासरच्यांसाठी. माहेरच्या उंबऱ्याच्या आत तुम्ही जन्मल्या नावाच्याच असता. आबांनी जन्मात कधी माझं सासरचं नाव उच्चारलेलं नव्हतं; ते त्यांना नीट आठवत होतं का, ह्याचीही मला शंका आहे. गावात कुणीही विचारलं असतं, ही कोण, तर तेच उत्तर मिळालं असतं. नर्सबाईंनी लिहिलं, मुक्काम घोरावाडीजवळ. आबांनी थर्मास उपरण्यात गुंडाळला आणि पुण्याच्या गाडीत बसले. लॅबमधल्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय ते हलले नाहीत.

मग वाट बघणं. आई वाट बघत होती, आबा वाट बघत होते. मी आपली उन्हात बसून डाळ निवडायची. आई अधूनमधून माझ्या पोटाला हात लावून म्हणायची, "हलतंय न्हवं?" मी म्हणायची, "व्हय." माहेरी गेलं की माझी भाषाही तिकडची व्हायची.

एका रविवारी हे आले. चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. पुण्याला जाऊन लॅबमध्ये विचारून आले होते.

"मामा, दुसरं रक्त दिलंच नाही तुम्ही?"

आबा अंगणात दावं वळत होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हनालासा?"

"लॅबवाले म्हणतात, दुसरा नमुना आलेलाच नाही. पहिला तसाच पडून आहे. तिकडं डॉक्टर थांबल्यात, इकडं दिवस भरत चाललेत. एक काम सांगितलं होतं, मामा!"

जावयानं सासऱ्याला अंगणात उभं राहून असं बोलायचं नसतं. आई दारात येऊन थिजली. आबांनी दावं बाजूला ठेवलं, उठले आणि ह्यांच्यासमोर उभे राहिले.

"जावईबापू, ह्या हातानं दिलंय. चष्मेवाल्या मानसाच्या हातात. त्यानं घेतल्यालं बगितलंय मी. आता तुमी मला खोटं पाडा न्हाईतर त्याला पाडा."

"मग गेलं कुठं?"

"त्ये त्यास्नी इचारा!"

हे जेवले नाहीत. आबाही जेवले नाहीत. आई मला म्हणाली, तू तरी काही बोल. काय बोलू? दोघांचाही जीव माझ्यासाठीच तुटत होता हे मला दिसत होतं. दिसत होतं, एवढंच. मी जेवायला बसले आणि जेवले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातनं सांगावा आला की पुण्याचा कागद आलाय. आबा पळत गेले आणि कागद घेऊन अंगणभर नाचवत आले. "बग! आलं का न्हाई! म्हनं दिलं न्हाई!" कागद मी वाचला. त्यात लिहिलं होतं की रक्ताला त्या जंतूची ओळख आहे. जुनी का नवी ते सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी दुसरा नमुना पाठवावा. वर नाव माझं. माझं म्हणजे, आबांनी दिलेलं.

मी तो कागद परत वाचला. हे पहिलंच रक्त आहे असं ते लोक समजत होते. आणि वलवणच्या बाईचं दुसरं आलंच नाही असंही समजत होते. त्यांच्या लेखी दोन बाया होत्या, दोघींनी एकेकदा रक्त दिलं होतं आणि दोघींचंही पुढचं आलेलं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "तुमी माजं नाव काय सांगितलं तितं?"

"तुजं? तुजंच की! दुसरं कुनाचं सांगू?" आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. ते पायरीवर बसले आणि टोपी काढून हातात धरली. मी म्हटलं, जाऊ द्या आबा, मी पण तिथंच होते.

मला आठवा संपत आला होता. ह्यांना निरोप गेला आणि आम्ही दोघं पुण्याला गेलो. आई नको म्हणत होती, मी म्हटलं, मी गेल्याशिवाय कुणाचा विश्वास बसायचा नाही. लॅबमध्ये चष्मा दोरीला बांधलेले एक साहेब होते. वयानं मोठे, पांढरा कोट. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"पेशंट कोण?"

"मी," मी म्हटलं.

"ह्यातली कुठली?"

"दोन्ही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. "बाई, असं कसं? ही वलवणची, ही घोरावाडीची. नाव वेगळं, आडनाव वेगळं, मधलं नावही वेगळं."

"मधलं एकीकडं नवऱ्याचं आहे, एकीकडं बापाचं. लग्नात नाव बदलतात साहेब. तुमच्या घरी नाही बदललं?"

हे माझा पदर ओढायला लागले. पण साहेब रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि कोटाला पुसला. मग म्हणाले, "बदललंय. तिचं आधीचं नाव काय होतं, ते मला आठवावं लागेल." ते आठवत बसले आणि त्यांना खरंच आठवेना. मला हसू यायला हवं होतं.

त्यांनी आतनं दोन छोट्या बाटल्या आणून दाखवल्या. दोन्ही रक्तांचं उरलेलं पाणी गोठवून ठेवलं होतं, एकाच पेटीत, दोघींच्या जोडीची रक्तं यायची वाट बघत. ते म्हणाले, "बाई, चूक कुणाची नाही. पण तुम्ही सांगता म्हणून मी दोन बायांना एक करू शकत नाही. आज तिसरं रक्त द्या. तिन्ही एकाच दिवशी, मी स्वतः लावतो. पाणी घालत घालत बघायचं असतं, निम्मं, त्याच्या निम्मं, कुठपर्यंत ओळख टिकते ते. तिन्ही सारखी निघाली तर प्रश्न मिटला."

"आणि चढलेली निघाली तर?" ह्यांनी विचारलं. त्यावर साहेब म्हणाले, "आता गोळ्यांना उशीर झालाय," आणि माझ्या दंडाला नळी बांधायला लागले.

परत येताना गाडीत हे माझ्या शेजारी बसून रडले. लोक बघत होते. मी त्यांना रुमाल दिला. मला वाटलं, ह्यांना किती सहज येतंय! मला हेवा वाटला असेल तर तेवढाच.

निकाल यायच्या आधी मी बाळंत झाले. दवाखान्यातच, दिवसाढवळ्या, दिवस भरायला थोडे कमी असताना. ह्या वेळी रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. आई म्हणाली, "पोरगी हाय. बग तरी." मी म्हटलं, "ठेव तिकडं." आईला वाटलं मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. ती मला समजावायला लागली, पहिली बेटी म्हणजे लक्ष्मी वगैरे. मी डोळे मिटून घेतले.

घरी आणल्यावर मी तिला पाजायची. वेळच्या वेळी पाजायची, कोरडी करायची, झोपवायची. पण तिच्याकडं बघायची नाही. तोंडाकडं नाही, आणि डोळ्यांकडं तर मुळीच नाही. बाकीचे सगळे मात्र दुसरं काही बघतच नव्हते. आई दिव्याची वात तिच्यापुढनं इकडून तिकडं न्यायची. वलवणहून आत्याबाई आल्या त्या हातातल्या बांगड्या तिच्या कानाशी वाजवत, मग त्याच बांगड्या डोळ्यांपुढं नाचवत बसल्या. "फिरीवते का गं डोळं? मला तर वाटतंय फिरीवते." एवढ्या लहान मुलाचं काय कळणार! डोकं मोठं वाटतंय का म्हणून दोघी आळीपाळीनं ओंजळीत धरून बघायच्या. मी भिंतीकडं तोंड करून पडायची. आई एकदा चिडून म्हणाली, "अगं, तुजीच हाय ना ही? का कुनाची सांबाळाया घेतलीस?" माझी म्हणायची तर आधी राहते का जाते ते कळू दे, असं माझ्या पोटात होतं. तेव्हा ते इतकं स्पष्ट नव्हतं. आता आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी हे आले. कागद हातातच होता, पण त्यांना वाचायची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंकडून सगळं समजावून घेऊन आले होते.

"सारखी! तिन्ही सारखी निघाली! चढ नाही की उतार नाही. जुना आहे रोग, कधीचा होऊन गेलेला. पोरीला काही भीती नाही. गाठी दुसऱ्याच कशानं आल्या होत्या."

आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. आत्याबाईंनी ह्यांना "मग इतकं दीस आमचा जीव का टांगलास रं मुडद्या" म्हणून दोन शिव्या हासडल्या आणि बाळाची दृष्ट काढायला मीठमोहऱ्या शोधायला आत गेल्या. आबा ह्यांच्याकडं बघून हसले. हेही हसले. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच.

मी भिंतीला टेकून बसले होते. सगळे माझ्याकडं बघत होते, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

मी म्हटलं, "जुना म्हणजे केव्हाचा?"

ह्यांचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंना हेच विचारून झालं होतं त्यांचं, ते मला कळलं.

"बाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. लहानपणीचाही असेल."

"नाहीतर?"

"नाहीतर गेल्या वर्षीचा."

"म्हणजे पहिल्याच्या वेळचा."

"नक्की नाही म्हणाल्या. असेल किंवा नसेल."

"एकदा झाला की परत बाळाला धोका नसतो. असंच ना?"

ह्यांनी कागद घडी करून खिशात घातला. आई रडायची थांबली होती. मी म्हटलं, "म्हणजे ते गेलं म्हणून ही राहिली."

आई म्हणाली, "असलं बोलू नगं. शुबाचं दीस हायत." पण मी आईकडं बघतच नव्हते. मी आबांकडं बघत होते. पहिल्याला आबाच घेऊन गेले होते, हे मला ठाऊक होतं. घरात दुसरं कुणी तसलं काम करणारं नव्हतं. कुणी मला ते दाखवलं नव्हतं, कुणी त्याच्याबद्दल बोललं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. ते काय होतं, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

"आबा, पहिलं काय होतं? पोरगा का पोरगी?"

आई म्हणाली, "अगं..." आबांनी तिला हातानं गप्प केलं. ते उंबऱ्यावर बसले होते.

"पोरगी व्हती," ते म्हणाले. "केस लय व्हते. काळंभोर. पार कानाच्या खाली आलते. टोपडं घालताना आत सारावं लागलं मला."

"तुमी टोपडं घातलंत?"

"मग? उगड्या डोक्यानं न्हेऊ?"

"कुटं ठिवलीत?"

"वढ्याच्या वरल्या अंगाला, करंजाखाली. दगूड ठिवलाय. तिकडं गेलो म्हंजी जातो मी." मग म्हणाले, "तुज्यावानी व्हती गं. नाक तुजंच व्हतं."

तेव्हा मी रडले. वर्षभराचं एकदम आलं, मोठ्यानं, लाज सोडून, शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या इतक्या मोठ्यानं. केस होते तिला! मला एवढंच सुचत होतं, आणि मी तेच तेच म्हणत होते, केस होते तिला, आणि मी कधी विंचरले नाहीत. हे माझ्या पाठीवरनं हात फिरवत होते आणि मी त्यांचा हात झटकत होते. रडता रडता पान्हा फुटला, चोळी भिजली, दूध खाली पदरावर गळायला लागलं.

त्या आवाजानं ही उठली. भुकेजलेलीच असणार. तिनं जो टाहो फोडला तो थांबेना. आईनं तिला उचलून माझ्या मांडीवर टाकली. तिचं टोपडं सैल झालं होतं, ते सुटून पडलं.

तिच्या डोक्यावर केस म्हणायला काही नव्हतंच. नुसती लव. नाक माझं नव्हतं, आत्याबाईंचं होतं, बसकं आणि रुंद. भुवया नव्हत्या. रडून लाल झालेली, मूठ तोंडात कोंबायला बघणारी, आणि मूठ सापडत नाही म्हणून आणखी चिडलेली. ही दुसरीच कुणीतरी होती. हिला मी ह्याआधी कधी बघितलेलंच नव्हतं.

"बगत काय बसलीस?" आई म्हणाली. "पाज की तिला."